रक्तपिपासू नायक आणि आपल्या पोरी: 'ट्वायलाइट' वाचणाऱ्यांना नेमकं काय मिळतं?

पोवईनाक्याची
नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं छोटंसं खाजगी वाचनालय आहे. इंग्रजीचं कपाट एकच. त्यात सगळ्यात खिळखिळी झालेली चार पुस्तकं म्हणजे स्टेफनी मेयरची 'ट्वायलाइट' मालिका, २००५ ते २००८ मध्ये आलेली. पहिल्या भागाचं मुखपृष्ठ काळंकुट्ट, त्यावर दोन फिकट हातांत लालभडक सफरचंद. आमच्या प्रतीत त्या हातांवर कुणीतरी बॉलपेनने मेंदी काढून ठेवलीय. पुसायला मन होत नाही.

मला वाटलं होतं, सिनेमे येऊन गेले, लाट ओसरली. पण नाही. आता चौदा-पंधरा वर्षांच्या नव्या पोरी येऊन हळूच विचारतात, "काकू, ते व्हँपायरवालं आहे का?" हातात फोन, फोनमध्ये हव्या तेवढ्या मालिका, तरी पाचशे पानांचं फाटकं पुस्तक पाहिजे. म्हणून दिवाळीत मीच चारही भाग वाचायला घेतले.

भाषा साधी. नायिका बेला पहिल्या भागात बराच वेळ फक्त धडपडते आणि त्याच्याकडे बघते. नायक एडवर्ड किती देखणा आहे हे दर दोन पानांनी सांगितलंय. हे सगळं दिसत असूनही चकल्यांचं पीठ तसंच ठेवून मी वाचत बसले होते. माझ्या मते यातली खरी गंमत संयमाची आहे. त्याला तिच्या रक्ताची तहान लागलीय, ती समोर बसलीय, आणि तो स्वतःला आवरतोय. तीन भाग आवरतोय!

तुमचं काय मत? ज्यांनी त्या वयात वाचलं त्यांना काय मिळालं? आणि आपल्या मुलीच्या हातात द्याल का?

वाईचा_नाना
रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहितो.

शिराळ्याचा_नाग
रात्रीच लिहिणार तुम्ही. विषयच तसा आहे.

मिरजेचा_डॉक्टर
मी पुस्तक वाचलेलं नाही, बायकोने वाचलंय. पण या विषयाची वैद्यकीय बाजू मजेशीर आहे म्हणून लिहितो.

जुन्या युरोपात लोक थडगी उकरायचे, कारण गावात एकामागून एक माणसं खंगून मरायची. आत प्रेत फुगलेलं, तोंडाशी रक्तासारखा द्रव, नखं वाढल्यासारखी. कुजताना वायू साठून पोट फुगतं, त्या दाबाने द्रव तोंडावाटे येतो, कातडी आकसते म्हणून नखं लांब दिसतात. बघणाऱ्याला वाटायचं, हा रात्री पिऊन आलाय. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये १८९२ साली मर्सी ब्राऊन नावाच्या मुलीचं प्रेत याच संशयाने बाहेर काढलं. काळीज जाळून त्याची राख आजारी भावाला पाजली. तोही गेला. घरात क्षय होता, दुसरं काही नाही. १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कॉखने क्षयाचा जंतू दाखवून दहा वर्षं झाली होती, पण बातमी त्या शेतापर्यंत पोचायची होती.

आमच्या मिरजेला हा रोग नवा नाही. वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी इस्पितळ काढायला लागलं होतं. फिकट चेहरा, चकाकते डोळे, लाल ओठ, दिवसेंदिवस बारीक होत जाणारा देह: एकोणिसाव्या शतकातल्या कवींना क्षयाचा रोगी असाच दिसायचा. एडवर्डचं वर्णन बायकोने वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, याची थुंकी तपासा आधी.

भडंगप्रेमी
हसून हसून पुरेवाट! "थुंकी तपासा"!!

विश्रामबागची_वेडी
डॉक्टर, एडवर्ड क्षयाने नाही, १९१८ च्या फ्लूने मरायला टेकला होता, शिकागोत. डॉ. कार्लाइल स्वतः व्हँपायर, त्याने त्याला चावून 'वाचवलं'. म्हणून तो कायमचा सतरा वर्षांचा.

मिरजेचा_डॉक्टर
अरे वा. म्हणजे आपल्याकडे पणज्या जिला मानमोडीची साथ म्हणायच्या, तीच. हिंदुस्थानात त्यात कोटीच्या वर माणसं गेली. आमच्याकडे कुणी चावून वाचवायला आलं नाही.

शिराळ्याचा_नाग
मला एवढंच कळलंय की हे एडवर्डचं कलन कुटुंब माणसाचं रक्त पीत नाही, जनावरांचं पितं, आणि वर स्वतःला शाकाहारी म्हणवून घेतं. सांगलीत येऊन हे वाक्य बोलून दाखवा म्हणावं, कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात.

कराडचा_कारखानदार_नाही
एडवर्डचं आवडतं खाद्य पहाडी सिंह म्हणे. मग त्याला आमच्याकडं पाठवा गड्यांनो. उसाच्या फडात बिबट्या बसलाय, रात्री पाणी पाजायला जायची सोय राहिली नाही. एक रात्र सोडा त्याला फडात. लै उपकार होतील.

शिराळ्याचा_नाग
आणि सकाळी वनखातं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आत टाकेल त्याला. बिबट्या पहिल्या परिशिष्टात आहे. शंभर वर्षं जगलेला माणूस पण जामिनासाठी तलाठ्याकडून सातबारा आणत फिरेल.

अवनी_वकील
विनोद झाले असतील तर थोडं गंभीर बोलते.

पोवईनाक्याची, तुम्हाला संयम दिसला, मला पाळत दिसली. हा मुलगा तिच्या खोलीत रात्री न सांगता शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात तिने मित्राकडे, जेकबकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. दुसऱ्या भागात तिच्या 'भल्यासाठी' एकटाच निर्णय घेऊन सोडून जातो. आणि हे सगळं प्रेम म्हणून रंगवलंय. माझ्याकडे कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस येतात. "मॅडम, सुरुवातीला वाटायचं किती काळजी करतो" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एडवर्डचं कौतुक वाचताना अंगावर काटा येतो. भीतीचा नाही, ओळखीचा.

पंधराव्या वर्षी हे वाचलेल्या मुलीला पुढे कुणी फोनचा पासवर्ड मागितला तर तिला ते गोड वाटणार.

चाफळकर
प्रचंड सहमत.

विश्रामबागची_वेडी
अवनीताई, मुद्दा मान्य, निष्कर्ष अमान्य. मी २००९ मध्ये हॉस्टेलवर वाचलं. एकच संच, मजल्यावरच्या सगळ्या पोरींमध्ये फिरत होता. आम्ही वाचताना एडवर्डवर लट्टू होतो हे खरं, पण रात्री गच्चीवर बसून त्याला शिव्याही द्यायचो. "हा असा न विचारता घरात शिरला तर बाबा काय करतील" यावर तासभर हसायचो. पुस्तकातला नवरा आणि प्रत्यक्षातला नवरा यात फरक कळत होता आम्हाला. माझ्या नवऱ्याने आजवर माझ्या स्कूटीला हात लावलेला नाही. हवा भरायलाही.

अवांतर: दुसऱ्या भागात एडवर्ड सोडून गेल्यावर बेलाचे महिने कसे गेले हे लेखिकेने कसं दाखवलंय माहितीय का? पानावर फक्त 'ऑक्टोबर'. पुढे फक्त 'नोव्हेंबर'. मग डिसेंबर, मग जानेवारी. बाकी पान कोरं. माझ्या रूममेटने फुटपाथवरून नकली प्रत घेतली होती. ती पानं कोरी निघाली म्हणून भांडायला परत गेली. विक्रेत्याने पुस्तक उलटंपालटं केलं, अर्ध्या किमतीवर तडजोड केली. दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही की पुस्तक बरोबर होतं.

भडंगप्रेमी
हा किस्सा मूळ कादंबरीपेक्षा भारी आहे.

पोवईनाक्याची
ती कोरी पानं मलाही चटका लावून गेली. चार शब्दांत चार महिने. "भाषा साधी" असं मी वर लिहिलंय खरं, पण ही युक्ती साध्या लेखिकेची नाही.

महाबळेश्वरी_धुकं
कुणीच मुख्य गोष्ट बोलत नाही: पाऊस!

मेयरने ही कथा कुठे घडवायची हे ठरवताना अमेरिकेतलं सगळ्यात पावसाळी ठिकाण शोधलं आणि तिला फोर्क्स सापडलं. खरं गाव आहे, वॉशिंग्टन राज्यात, तीनेक हजार वस्ती, लाकूडतोडीवर वाढलेलं. कारण तिचे व्हँपायर उन्हात जळत नाहीत, चमचमतात. म्हणून ढगाळ गाव हवं. तर फोर्क्सला वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे पाच हजारांच्या वर! जून ते सप्टेंबर सूर्य नावाची वस्तू दिसत नाही. कलन कुटुंबाने पावसाळ्यात महाबळेश्वरला राहावं, पोरांना पाचगणीला निवासी शाळेत घालावं. गोरीपान, श्रीमंत, कुणाशी न बोलणारी, महागड्या गाड्यांतून येणारी मुलं तिथे कुणाच्या नजरेतही भरणार नाहीत.

उन्हाळ्यात मात्र पंचाईत. सीझनला पॉईंटवर गर्दी, त्यात हा चमचमणारा. लोक फोटोचे पैसे विचारतील.

शिराळ्याचा_नाग
आणि घोडेवाले त्याला हसतील. घोडे पळून जातील त्याचा वास आल्यावर.

वाईचा_नाना
आलो. रुमाल उचलतो.

मी ६८ वर्षांचा आहे. नातीने सोडलेला पहिला भाग मी पूर्ण केला, ती पुढे दुसऱ्या कुठल्या मालिकेवर गेली. माझ्या लहानपणी आजोळी भुतांची यादी पाठ असायची: मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीजवळ, खवीस, समंध, झोटिंग, चकवा. हाकामारी रात्री दाराशी येऊन नावाने हाक मारते, पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. प्रत्येकाचं काहीतरी राहून गेलेलं. मुंज्याचं लग्न राहिलं, समंधाचं धन राहिलं, बाळंतिणीचं मूल राहिलं. आपलं भूत मागायला येतं. नैवेद्य दिला, उतारा टाकला, की जातं.

हा एडवर्ड वेगळा आहे. त्याच्याकडे सगळं आहे: पैसा, रूप, गाडी, पियानो, दोन पदव्या. त्याला मरण तेवढं नाही. हे वाचताना मला राहूनराहून खांडेकरांचा 'ययाति' आठवत होता. खांडेकर जन्माने सांगलीचे. १९५९ ची कादंबरी, पुढे त्यांना ज्ञानपीठ मिळालं. ययातीला म्हातारपण आलं आणि त्याने पोटच्या पोराचं तारुण्य मागून घेतलं. पुरूने दिलं. रक्त प्यायचं म्हणजे आणखी काय असतं? फरक एवढाच की आपला ययाती बाप आहे आणि त्याची आपल्याला शिसारी येते. तिकडचा ययाती सतराचा दिसतो, म्हणून पोरी भाळतात. वय मोजा की. हा १९०१ चा. बेलाच्या पणज्याच्या वयाचा!

अवनी_वकील
नाना, शेवटच्या ओळीसाठी तुम्हाला चहा.

विश्रामबागची_वेडी
नाना, ययाती घेतो, एडवर्ड घेत नाही. तीच तर गोष्ट आहे! बेला स्वतः मागे लागलीय, मला तुमच्यासारखं कर, आणि हा म्हणतोय नको, तुझं आयुष्य जग, कॉलेजला जा, म्हातारी हो. तारुण्य टिकवायची घाई तिला आहे, अठराव्या वाढदिवसाला ती रडकुंडीला येते. हे मला आता जास्त कळतं. तेव्हा अठरा म्हणजे म्हातारपण वाटायचं खरंच.

वाईचा_नाना
हा मुद्दा पटला. चौथ्या भागापर्यंत जावं लागणार असं दिसतंय. नातीला सांगू नका.

चाफळकर
क्षमस्व, पण आपल्या संस्कृतीत इतकं काही असताना मुलांना हे परदेशी रक्त पिणारं साहित्य कशाला द्यायचं? वाचनालयवाल्यांनी जबाबदारीने पुस्तकं ठेवावीत. अवनीताईंचा मुद्दा योग्यच आहे.

अवनी_वकील
थांबा. मी पुस्तक काढून टाका असं म्हटलेलं नाही. माझ्या मुद्द्यावर स्वार होऊन तुम्ही भलतीकडे निघालात. मुलींना वाचू द्या आणि वाचल्यावर त्यांच्याशी बोला, एवढंच.

पोवईनाक्याची
चाफळकर, देऊ काय मग? बाल विभागात फास्टर फेणे आहे, बारा वर्षांपर्यंत छान चालतो. त्यानंतर मी थेट मोठ्यांच्या कपाटापाशी येते. मधल्या चौदा ते अठरा वयासाठी मराठीत माझ्याकडे हातभर फळीसुद्धा भरत नाही. त्या वयाचं प्रेम, त्या वयाची चिडचिड, घरच्यांशी बिनसणं, हे त्यांच्या बाजूने लिहिलेलं सांगा, मी उद्या मागवते. मिळत नाही म्हणून पोरी इंग्रजी कपाटाकडे जातात. रक्ताची आवड म्हणून नव्हे.

कृष्णाकाठ
सांगलीकर म्हणून वेगळीच गोष्ट सांगतो. या कथेतला जेकब, जो लांडग्याचं रूप घेतो, तो क्विल्यूट या अमेरिकन आदिवासी जमातीचा आहे. ही जमात खरी आहे, समुद्रकाठी ला पुश नावाच्या वस्तीत राहते. आपण लांडग्यांपासून माणसं झालो अशी त्यांची मूळ कथा आहे. ते 'थंड माणसां'शी, म्हणजे व्हँपायरांशी, वैर वगैरे मेयरने जोडलं. दुकानांत जेकबच्या नावाने माल खपत होता आणि त्यांची वस्ती, पोरांची शाळासुद्धा, त्सुनामीच्या पट्ट्यात, भरतीच्या रेषेशी. उंचावर जायला जमीन हवी म्हणून कित्येक वर्षं मागणी चालली होती. ती २०१२ च्या कायद्याने मिळाली.

२००५ आणि २०१९ चा पूर ज्यांनी सांगलीत बघितलाय, त्यांना हे वाचून त्या पोरांच्या शाळेचा विचार आधी येतो, लांडग्यांचा नंतर. आयर्विन पुलावर पाण्याची पातळी बघायला उभे राहतो ना आपण, तसेच तेही कुठेतरी उभे राहत असतील.

भडंगप्रेमी
धागा कुठून कुठे गेला. पण वाचून बरं वाटलं कृष्णाकाठ.

कराडचा_कारखानदार_नाही
पोरांसाठी काय आहे का पण यात? माझा मुलगा म्हणतो, हे पोरींचं आहे.

विश्रामबागची_वेडी
त्याला डॅरेन शानची मालिका द्या. बारा भाग, २००० पासून आलेले. सर्कस, कोळी, मैत्री, प्रेमबिम जवळजवळ नाही. आणि मुलीला बेलासारखी धडपडणारी नको असेल तर रिशेल मीडची 'व्हँपायर अकॅडमी'. त्यातली रोझ मैत्रिणीची अंगरक्षक आहे, हाणामारी करते, कुणाची वाट बघत बसत नाही. सहा भाग. 'व्हँपायर डायरीज' ट्वायलाइटच्या कितीतरी आधी, १९९१ मध्ये सुरू झाली होती, पण खरी गाजली ती २००९ मध्ये टीव्हीवर आल्यावर. मला तरी ती पुस्तकं टीव्हीपुढे फिकी वाटली.

तासगावची_बेदाणा
मी बऱ्याच दिवसांपासून वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. अकरावीला आहे. कराडला मावशीकडे राहून शिकते. इथे सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

संयम वगैरे असेल. देखणा आहे ते पण आहे, खोटं कशाला बोलू. पण मला आवडलेली जागा वेगळी आहे. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही. म्हणून त्याला तिला विचारावं लागतं. पहिल्या भागात तो एक अख्खा दिवस तिला फक्त प्रश्न विचारतो. आवडता रंग कुठला. ती म्हणते, रोज बदलतो, आज तपकिरी. तो विचारतो का. ती म्हणते, तपकिरी उबदार असतो, आणि इथे झाडांची खोडं, दगड, माती, जे जे तपकिरी असायला हवं ते सगळं हिरव्याने झाकलंय. तर तो हसत नाही. विचार करतो, आणि पुढचा प्रश्न विचारतो. गाडीत, जेवताना, वर्गातून बाहेर पडल्यावर, दिवसभर.

आमच्याकडे मला काय वाटतं ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. आत्याला माहीत असतं मला सायन्स झेपणार नाही. मावशीला माहीत असतं मला भूक नाही म्हणजे मी रुसलेय. एसटी स्टँडवरच्या ओळखीच्या काकांना माहीत असतं मी कुणाशी आणि किती वेळ बोलले. सगळे चांगले आहेत. पण मला आवडता रंग कुणी विचारलेला आठवत नाही, आणि विचारला तरी 'का' असं पुढे कुणी विचारणार नाही.

अवनीताई, इंजिनचा पार्ट काढला ते मलाही आवडलं नाही. तिथे समासात मी पेन्सिलने 'गाढव' लिहिलंय. पुस्तक माझं स्वतःचं आहे, वाचनालयाचं नाही, काकूंनी काळजी करू नये.

मिरजेचा_डॉक्टर
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा." बाकी काही बोलली नाही. मी चहा टाकतो.

अवनी_वकील
'गाढव'ला +१.

बेदाणा, तू लिहिलेलं पटलं, आणि तरीही माझा आक्षेप मी मागे घेत नाही. जो इतकं विचारतो तोच सोडून जाताना एका शब्दाने विचारत नाही. दोन्ही एकाच माणसात आहे, आणि लेखिका पहिल्यासाठी दुसरं माफ करून टाकते. तू समासात लिहीत राहा.

तासगावची_बेदाणा
ताई, सोडून जातो तिथे पण लिहिलंय. ते इथे लिहिता येणार नाही, माझा आयडी उडेल.

शिराळ्याचा_नाग
मुलगी सांगलीचीच, शंका नाही.

चाफळकर
बेदाणा, मला दोन मुली आहेत. धाकटी नववीत. पुस्तक द्यायचं की नाही ते अजून ठरत नाही माझं. पण रंग विचारला आत्ता. "तुम्हाला काय झालंय" म्हणाली.

भडंगप्रेमी
चाफळकर, मग 'का' विचारलं का?

चाफळकर
रंगच सांगितला नाही तर 'का' काय विचारू.

पोवईनाक्याची
सगळ्यांचे आभार. पुस्तकं कपाटात राहतील. 'व्हँपायर अकॅडमी'चा पहिला भाग मागवतेय, चालला तर पुढचे. डॅरेन शान जुन्या पुस्तकांत बघते. पण मराठीत काहीतरी हवंच आहे. रक्तपिपासू विषयावर नारायण धारपांची 'लुचाई' आहे, स्टीफन किंगच्या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली. ती प्रेमकथा नाही, चांगलीच भीतिदायक आहे, पण निदान गाव, वाडा, माणसं आपली वाटतात. आमची प्रत कुणीतरी नेली ती आलीच नाही. सातारा-कराड-सांगली पट्ट्यात कुणाकडे आहे का? वाचून परत करेन, शब्द.

वाईचा_नाना
माझ्याकडे होती. नातीने नेली.

कृष्णाकाठ
माझ्याकडे आहे, सांगलीत. पुरात माळ्यावर होती म्हणून वाचली. घरी येऊन घेऊन जा, फक्त आधी फोन करा. आणि दिवसाउजेडी या, रात्री बेल वाजली तर आई दार उघडत नाही.

शिराळ्याचा_नाग
पहिल्या हाकेला ओ देऊ नका म्हणावं आईंना.